धम्मरत्नने निवडलेला सेट

धम्मरत्नला किळस यायला फार निमित्त लागत नसे. चाकण चौकातल्या दुभाजकावरच्या गुटख्याच्या पिंका बघितल्या की त्याला जेवण जात नसे, आणि शेजारच्याने न विचारता डब्यात हात घातला तर तो डबाच झाकून ठेवी. रविवारी सकाळी महागड्या मोटरसायकली काढून, गुडघ्यांना नि कोपरांना कवचं बांधून, लांब कुठेतरी फक्त मिसळ खायला जाणारी मंडळी तर त्याच्या विशेष डोक्यात जात. मिसळ खायला चिलखत कशाला लागतं, असं तो रश्मीला, म्हणजे बायकोला, कितीदा तरी विचारून चुकला होता. तिने एकदा वैतागून म्हटलं, "तुला या जगात काही आवडतं का रे?" त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "काम."

काम होतंच तसं. चाकणच्या कारखान्यांतून कधीकधी असा माल निघतो, जो रस्त्यात मावत नाही. प्रेस मशीनचे सांगाडे, बॉयलर, भल्यामोठ्या टाक्या. पन्नास-साठ चाकांचा ट्रेलर आणि त्यावर दुमजली घराएवढं लोखंड. असा ट्रेलर एकटा चालत नाही. त्याच्या पुढे शंभर-दीडशे पावलांवर मोटरसायकलवरचा पायलट असतो. तो रस्ता मोकळा करतो, वळणं बघतो, खड्डे बघतो आणि मुख्य म्हणजे वरच्या वायरी बघतो. मालाच्या माथ्यावर एक माणूस बसलेला असतो, त्याच्या हातात लांब बांबू, बांबूच्या टोकाला रबर लावलेली आडवी फळी. आडवी वायर आली की ट्रेलर थांबतो, वरचा माणूस उभा राहून बांबूने वायर उचलतो, मग ट्रेलर इंच-इंच खालून सरकतो. थांबायला हवा तेव्हा ट्रेलर थांबला नाही, तर वायर त्या माणसाला घेऊन जाते. एवढी साधी गोष्ट आहे, आणि ती समजायला कुठली पदवी लागत नाही.

धम्मरत्न पायलट होता. वर बांबू घेऊन ज्ञानदेवकाका. ट्रेलरच्या स्टिअरिंगवर लक्ष्मणराव, राजगुरुनगरकडचे, साठीला आलेले, सगळ्यांचे मामा. आणि ट्रेलरचा मालक कुलदीपशेठ, पुनावळ्याचा. वाडवडिलांच्या शेतावर आता बारा मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या आणि त्यातून आलेल्या पैशांतून कुलदीपने दोन ट्रेलर घेतले होते.

धम्मरत्नचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं एकाच मशीनसमोर उभे राहिले. कायम नोकरी, युनिफॉर्म, दिवाळीला मिठाईचा पुडा. पोराच्या वाट्याला आलं कंत्राट. आयटीआय करून तो भोसरीपासून चाकणपर्यंत सात-आठ कंपन्या फिरला. सगळीकडे सात महिने काम आणि मग ब्रेक, म्हणजे कायम करायला लागू नये म्हणून घरी बसवणं. ब्रेक देताना सुपरवायझर खांद्यावर हात ठेवून 'परत बोलावतो हं' म्हणायचा, त्या हाताची धम्मरत्नला सगळ्यात जास्त शिसारी यायची. शेवटी ज्ञानदेवकाकांनीच त्याला उचललं. ते वडिलांच्या वस्तीतले, वडिलांचे जुने सोबती. म्हणाले, "गाडी नीट चालवतोस, थुंकत नाहीस, आणि चालताना डोळे वर ठेवतोस. चल माझ्याबरोबर." त्याला आठ वर्षं झाली.

या आठ वर्षांत तिघांचा एक रिवाज ठरून गेला होता. तो लक्ष्मणरावांनी घालून दिला होता. पायलट आणि ड्रायव्हर, दोघांकडे एकेक वॉकीटॉकी. वळण आलं, पूल आला, वायर आली की धम्मरत्न बटण दाबून सारखं बोलत राही, "चल... चल... चल..." दर दोन सेकंदांनी एकदा. तो आवाज येतोय तोवर लक्ष्मणराव गाडी पुढे घेत. आवाज बंद झाला की ब्रेक. "तुजा 'चल' ऐकू येतोय तवर चाक फिरंल," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "न्हाई आला की मी थांबनार. का न्हाई आला, ते मागनं इचारीन." बॅटरी संपो, धम्मरत्न गाडीवरून पडो, मध्येच कुणी कर्कश हॉर्न वाजवो, काहीही बिघडलं तरी ट्रेलर जागच्या जागी उभा राही. सेटवर मानपान नसायचा. वयाने वडील माणसालाही तिथे 'चल' आणि 'थांब' एवढंच. चल-चल करून संध्याकाळपर्यंत धम्मरत्नच्या घशाला कोरड पडे. काका वरून हसत आणि खाली उतरल्यावर त्याला खडीसाखर देत.

तो जुना सेट एका दुपारी उन्हात मेला. बॅटरी फुगून पाठ फाटली. कुलदीपशेठ मोठ्या मनाने म्हणाला, "तूच निवड, धम्मा. वापरायचा तुला आहे. मोटरसायकलवर चालेल असा बघ." धम्मरत्नला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला निवड करायला सांगत होतं.

आणि मग त्या निवडीनेच त्याला वीट आणला.

पहिली जोडी त्याने ऑनलाइन मागवली. खोक्यावर बर्फाचा डोंगर, डोंगरावर गोरा माणूस, आणि रेंज म्हणे दहा किलोमीटर. म्हाळुंग्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरल्यावर तीनशे पावलांवरच आवाज भजी तळल्यासारखा यायला लागला. दहा किलोमीटर कुठल्या देशात मोजले होते देव जाणे. चिंचवड स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने टेबलाखालून दुसरा सेट काढला, जास्त ताकदीचा. "याला लायसन लागतं ना?" धम्मरत्नने विचारलं. दुकानदार दात कोरत म्हणाला, "लागतं भाऊ, पण विचारतंय कोण?" आणि दातातून निघालेलं त्याने काउंटरलाच पुसलं. धम्मरत्न तिथून पाणी न पिता बाहेर पडला.

तिसरा सेट आवाजावर चालणारा. बोललं की आपोआप चालू, गप्प बसलं की बंद, बटणाला हात लावायची गरज नाही. विकणाऱ्या पोरीने तो इतका गोड आवाजात समजावला की धम्मरत्नलाही पटला. पण गाडीने चाळीसचा वेग घेतला आणि वाराच बोलायला लागला. वाऱ्याला कोण गप्प बसवणार? अशा सेटवर एकाने लाइन धरली की दुसऱ्याला तोंड उघडता येत नाही. लक्ष्मणराव दहा मिनिटं केबिनमध्ये वारा ऐकत बसले आणि मग म्हणाले, "ह्यो इकनाऱ्याला एकदा गाडीवर बसवाय पायजे."

चौथा मिळाला तो पिंपरीतल्या एका जुन्या रिपेअरवाल्याकडे. लायसन लागत नाही अशा बँडवरचा साधा सेट, ताकद कमी, पण दीडशे पावलांना पुरून उरणारी. कानात घालायचं एक बोंड, त्याची वायर हेल्मेटखालून जॅकेटात, आणि दुसरी वायर हँडलच्या डाव्या मुठीपर्यंत. तिथे अंगठ्याखाली बटण, काळ्या टेपने गुंडाळलेलं. धम्मरत्नने तो तळेगाव रस्त्यावर पन्नासच्या वेगाने, डंपरांच्या हॉर्नमध्ये, धुळीत, दोन दिवस चालवून बघितला. बटण दाबलं की आवाज जायचा, सोडलं की यायचा. दुसरं काही करत नव्हता आणि म्हणूनच चांगला होता. दिसायला मात्र भिकार. दवाखान्यातून सलाईनसकट पळून आलेल्या पेशंटासारखा तो दिसे.

"हा," त्याने कुलदीपशेठला सांगितलं. "हाच घ्या."

कुलदीपने नाक मुरडलं. "हे काय रे? वायरी लोंबतायत. पुढच्या महिन्यात मोठ्या कंपनीचा सेफ्टीवाला यायचाय गाड्या बघायला. त्याला हे दाखवू?" आणि टेबलाच्या खणातून त्याने एक चकचकीत खोकं काढलं. कुलदीप स्वतः रविवारच्या मिसळवाल्यांपैकी होता. त्याच्या ग्रुपमधले सगळे वापरत, तो हेल्मेटला चिकटवायचा ब्लूटूथ सेट. बटण नाही, वायर नाही, दोघं एकाच वेळी बोलू शकतात. एक धम्मरत्नच्या हेल्मेटला, एक लक्ष्मणरावांच्या डोक्यावर. "शिवाय गाणी," कुलदीप म्हणाला. "शिवाय फोन."

धम्मरत्नने खोकं परत त्याच्याकडे सरकवलं. माणसाच्या जिवाचं काम आणि त्यात गाणी! पण 'नाही' म्हणायच्या आधी एकदा लावून तरी बघ, असं कुलदीप म्हणाला, म्हणून त्याने तोंड उघडं राहणाऱ्या आपल्या हेल्मेटला तो सेट लावला. यार्डात मोटरसायकल स्टँडवर उभी. ट्रेलर पन्नास पावलांवर, इंजिन बंद. लक्ष्मणरावांचा खोकलासुद्धा कानाशी बसल्यासारखा स्वच्छ आला. आणि तेवढ्यात रश्मीचा फोन आला.

ही गोष्ट नंतर त्याने कुणाला सांगितली नाही, पण खरी निवड तिथेच झाली. रश्मी सुट्या भागांच्या एका कंपनीत सेकंड शिफ्टला असे. धम्मरत्न पहाटे घराबाहेर पडे. रहाटणीच्या दोन खोल्यांत नवरा-बायको एकमेकांना भेटत ते झोपलेल्या लेकीच्या, आम्रपालीच्या, अंगावरून. बोलणं म्हणजे फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. आणि आता तिचा आवाज दोन्ही कानांत, शांत, न ओरडता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच ती इतक्या जवळून बोलली असेल. ती काय विचारत होती तेही त्याच्या लक्षात राहिलं नाही. आम्रपालीच्या वह्यांचं काहीतरी. तो हँडलवर हात ठेवून नुसता ऐकत राहिला.

कुलदीपने मग त्याला एक सोय दाखवली. दोन रिंग वाजल्या की फोन आपोआप उचलला जातो, हँडलवरचा हात काढायला नको. धम्मरत्नने ती सोय चालू केली. कुलदीपने फॉर्म पुढे सरकवला. त्यावर 'चाचणी घेतली, ओके' असं लिहून आठ वर्षं अख्ख्या जगाला नावं ठेवणाऱ्या माणसाने सही ठोकली. फोन आला की ड्रायव्हरशी चाललेलं बोलणं तुटतं, हे खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. ती पुस्तिका खोक्यातच राहिली. टेपवाला सेट त्याने रिपेअरवाल्याला परत नेऊन दिला, तेव्हा त्या म्हाताऱ्याने का म्हणून विचारलं. धम्मरत्न म्हणाला, "शेठला आवडला नाही." निम्मं खोटं होतं.

सेफ्टीवाला आला. इस्त्रीचा शर्ट, पिवळं जॅकेट, बूट असे की चिखल त्यांना माहीतच नसावा. सेट बघून खूश झाला. मग ती 'चल-चल'ची भानगड ऐकून हसला. एवढी बडबड कशाला? यंत्रं सुधारलीत. त्याने लॅमिनेट केलेला एक कागद केबिनमध्ये लटकवला: 'अनावश्यक संभाषण टाळावे. धोका असेल तेव्हाच सूचना द्यावी.'

लक्ष्मणरावांनी कागद दोनदा वाचला. "म्हंजे आवाज न्हाई आला तर मी चालतच ऱ्हायाचं?"

"बरोबर," सेफ्टीवाला म्हणाला.

"आन् धोका हाय, पर आवाजच न्हाई आला तर?"

"कंपनीचा सेट आहे, मामा. येईल आवाज," कुलदीप म्हणाला आणि दोघं हसले. लक्ष्मणरावांनी धम्मरत्नकडे बघितलं. हा बोलेल, असं त्यांना वाटलं असणार, कारण हा कुठल्याही गोष्टीवर बोलतो. धम्मरत्नला म्हाताऱ्याचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. पण दिवसभर चल-चल करायचं नाही म्हटल्यावर त्याच्या घशालाच आधी हायसं वाटलं होतं. तो हेल्मेटची पट्टी नीट करत राहिला.

महिनाभर सगळं सुरळीत चाललं. चार-पाच खेपा झाल्या. सुरळीत चाललेलं बघून माणूस शहाणा होत नाही, निर्ढावतो, आणि ते तिघंही निर्ढावले. रश्मी अकराच्या सुमाराला, कामावर निघायच्या आधी, फोन करायची. धम्मरत्नच्या हेल्मेटात बसून ती त्याच्याबरोबर मोशीपर्यंत, भोसरीपर्यंत यायची. तो या महिन्यात कमी चिडला, हे काकांच्यासुद्धा ध्यानात आलं होतं.

त्या मंगळवारी प्रेस मशीनचा सांगाडा घेऊन ते चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याला लागले. आदल्या दिवशी धम्मरत्नने अख्खा रस्ता बघून ठेवला होता, एकूणएक वायर मोजली होती. एका गावाजवळ दूध डेअरीसमोर रस्ता डावीकडे वळतो. वळणावर कडब्याने लादलेला एक टेम्पो पंक्चर होऊन उभा होता. धम्मरत्न टेम्पोला वळसा घालून पलीकडे गेला आणि त्याला ती दिसली. इंटरनेटची काळी केबल, नवीकोरी, काल तिथे नव्हती. कुणीतरी डेअरीच्या छपरावरून समोरच्या मोबाइलच्या दुकानावर फेकली होती, मधोमध लोंबत, काळजी ना फिकीर. असल्या केबली टाकणाऱ्यांना त्याने पूर्वी हजार शिव्या दिल्या होत्या. त्याने गाडी वळवून उभी केली. टेम्पोच्या कडब्यामागे केबिन झाकली गेली होती. लक्ष्मणराव त्याला दिसत नव्हते आणि तो लक्ष्मणरावांना दिसत नव्हता. फक्त कडब्याच्या वर सांगाड्याचा माथा आणि त्यावर उभे राहिलेले काका दिसत होते.

कानात रिंग वाजली. एक. त्याने तोंड उघडलं. दुसरी.

"थांब! थांब, थांब, थांब!"

"काय झालं?" रश्मीचा आवाज आला. "काय झालं रे?"

सांगाडा पुढे येत राहिला. त्याने हेल्मेटवर थापड मारली, कुठलं बटण कुठे होतं ते आठवेना, आठवणार कसं, बटण नाही म्हणूनच तर तो सेट घेतला होता. गाडी टाकून तो धावला. टेम्पोला वळसा घालून हात उंचावत तो केबिनसमोर आला आणि लक्ष्मणरावांनी करकचून ब्रेक मारला, तोवर केबल काकांच्या छातीला लागली होती. कमरेचा पट्टा सांगाड्याला अडकवलेला होता, म्हणून ते रस्त्यावर आले नाहीत. लोखंडाच्या कडेवरून उलटे लोंबकळले. पट्ट्याने जीव वाचला, कंबर वाचली नाही.

दवाखान्यात काकांना आत नेलं आणि बाहेर बाकावर त्यांची बायको कस्तुराकाकू पदर तोंडाला लावून बसली. तिथेच, तिच्यासमोरच, कुलदीपने खालच्या आवाजात विचारलं, "तू थांब म्हणाला होतास ना?"

"म्हणालो होतो," धम्मरत्न म्हणाला.

"मग झालं. सेट ओके आहे, तुझी सही आहे. मामांनी ऐकलं नाही." कुलदीपचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो मोकळा झालेला चेहरा बघून धम्मरत्नला ओकारी आली. खरोखरच आली. तो संडासात जाऊन ओकला, आणि आरशात बघून त्याला कळलं की आपल्यालाही थोडं मोकळं वाटलंय.

लक्ष्मणरावांनी तर काही वादच घातला नाही. पोलिसांसमोर म्हणाले, "त्ये म्हनाला आसंल. पोरगं खोटं न्हाई बोलत. मलाच ऐकू न्हाई आलं." दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून कानाच्या डॉक्टरकडे गेले. बंद खोलीत बसवून डॉक्टरने बारीक बारीक आवाज ऐकवले आणि वयाप्रमाणे थोडं कमी झालंय म्हणून सांगितलं. एवढं म्हाताऱ्याला पुरलं. त्यांनी ट्रेलरची चावी कुलदीपच्या टेबलावर ठेवली. बेचाळीस वर्षं गाडी चालवली होती. "ऐकू येत न्हाई त्या मानसानं गाडीवर बसू नये," म्हणाले. धम्मरत्न तिथेच उभा होता. एक वाक्य बोलायचं होतं. त्याने ते गिळलं, आणि बाहेर येऊन चहावाल्याने कप नीट विसळला नाही म्हणून त्याच्यावर खेकसला.

गुरुवारी रश्मीची सुट्टी होती. आम्रपाली शाळेत गेली आणि दोघं बऱ्याच महिन्यांनी दिवसाउजेडी समोरासमोर बसले. ती ताटात तांदूळ निवडत होती. खाली बघतच म्हणाली, "मी सिलिंडरचं विचारायला फोन केला होता."

त्याने ताटातला एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"तू थांब, थांब म्हणालास. एवढा ओरडलास की मी थांबले. कढई गॅसवर होती, ती बंद केली आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला वाटलं, माझ्यामागे काहीतरी आहे." तिने ताट बाजूला ठेवलं. "तो थांब मला नव्हता ना?"

"नाही."

"मामांना ऐकू गेलाच नाही ना तो?"

"नाही."

"आणि मामा कान तपासून आले."

धम्मरत्नला वाटलं, आता ही रडेल किंवा शिव्या देईल. तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. ती नजर त्याच्या ओळखीची होती. दुभाजकावरच्या पिंकांकडे, दात कोरणाऱ्या दुकानदाराकडे, खांद्यावर हात ठेवणाऱ्या सुपरवायझरकडे तो स्वतः असाच बघत आला होता. त्याने चप्पल घातली आणि निघाला.

लक्ष्मणराव दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटले. ते दोन्ही दिवस येऊन बसले होते, आत मात्र गेले नव्हते. मांडीवर कानाच्या तपासणीचा कागद घडी करून ठेवलेला. धम्मरत्न त्यांच्यासमोर उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला. फोन आला, तो आपोआप उचलला गेला, तुमची लाइन तुटली, थांब म्हणालो ते बायकोला ऐकू गेलं. ती सोय मीच चालू केली होती. चाचणी यार्डात घेतली, गाडी स्टँडवर होती. सही माझी. पोलिसांनाही आजच सांगणार आहे.

म्हाताऱ्याने मांडीवरच्या कागदाची घडी उलगडली. मग विचारलं, "म्हंजे मला ऐकू येतंय?"

"येतंय, मामा."

"दोन दिस मी घरात कुनाशी बोललो न्हाई. नातवंडं हाका मारत्यात, मला वाटायचं, ही हाक आली त्याच्या आदी आनखी किती येऊन गेल्या आसत्याल." त्यांनी कागदाच्या चिंध्या केल्या आणि त्या कुठे टाकाव्यात ते न कळून मुठीत धरून ठेवल्या. "तू तितंच हुबा हुतास, मी चावी ठिवली तवा."

"होय."

"जा आत. ज्ञानदेवला मी न्हाई सांगायचो. तूच सांग." एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. धम्मरत्न तिथे आणखी थोडा वेळ उभा राहिला, पण ते परत वळले नाहीत.

काका उताणे पडले होते. कमरेपासून खाली सगळं पट्ट्यांनी आवळलेलं. कस्तुराकाकूने 'जय भीम' म्हणत त्याला बसायला स्टूल दिलं आणि पाणी आणायला गेली. धम्मरत्न बसला नाही. उभ्यानेच त्याने पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी दम लागला, शब्द मागेपुढे झाले. फोनचं सांगितलं, रश्मीचं सांगितलं, सहीचं सांगितलं. काका डोळे मिटून ऐकत होते. त्याला वाटलं, झोप लागली असेल, औषधांनी लागते. काकांनी शिवी द्यावी, अशी त्याची फार इच्छा होती.

"मला वरून दिसत होतास तू," काका म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "टेम्पोच्या पलीकडे. ती केबलपण दिसली होती मला. खाली बसायला वेळ होता."

"मग बसला का नाहीत, काका?"

"तुझं तोंड हलत होतं ना," काका म्हणाले. "मी म्हटलं, धम्मा सांगतोय त्याला, आता थांबेल गाडी. म्हणून बांबू घेऊन उभाच राहिलो."